जामीन मिळाला आणि व्हिसा गेला: डॉ. हनीफचं प्रकरण

परदेशातलं बिऱ्हाड मोडताना माणूस मागे काय काय ठेवतो, तर कुकर, जाड रजई, कोणीतरी आधीच्याने दिलेला टेबल लॅम्प, आणि फोनचं सिम. प्लॅनमधले मिनिटं शिल्लक असतात, फुकट कशाला घालवायचे, म्हणून तिथेच राहणाऱ्या कुठल्यातरी भावाला देऊन टाकायचं, घे बाबा वापर. यात काही विशेष नाही, आपल्यातल्या निम्म्या लोकांनी हे केलेलं असेल. जुलै २००६ मध्ये इंग्लंडमधून निघताना डॉ. मोहम्मद हनीफने नेमकं हेच केलं आणि वर्षभराने त्या सिमपायी तो ऑस्ट्रेलियात २५ दिवस कोठडीत होता.

देशाची सुरक्षा मोठी की माणसाचं स्वातंत्र्य, या वादात दोन्ही बाजू मोठमोठ्या गोष्टी बोलतात आणि हाती काही लागत नाही. मला हे प्रकरण आवडतं (आवडतं हा शब्द बरोबर नाही, पण समजून घ्या) कारण यात सगळं बारीक तपासता येतं. पोलिसांनी काय केलं, कोर्टाने काय केलं, मंत्र्याने काय केलं, कोणाला कधी काय माहीत होतं, सगळं नंतर चौकशीत कागदावर आलं.

तर आधी माणूस कोण ते बघू. हनीफ कर्नाटकचा, बंगलोरला एमबीबीएस केलेला, नंतर इंग्लंडमध्ये रंकॉर्नजवळच्या हॉस्पिटलात काम, आणि सप्टेंबर २००६ पासून क्वीन्सलँडमधल्या गोल्ड कोस्ट हॉस्पिटलात. व्हिसा ४५७, म्हणजे कंपनी किंवा हॉस्पिटल स्पॉन्सर करायचं तो तात्पुरता वर्क व्हिसा. आयटीवाल्यांना हा नंबर पाठ असेल, त्या काळात सिडनी-मेलबर्नला गेलेले आपले बरेच लोक यावरच गेले. वय २७. बायको बाळंतपणासाठी बंगलोरला, २६ जून २००७ ला सिझेरियन होऊन मुलगी झाली.

आता दुसरी बाजू. २९ जून २००७ ला लंडनमध्ये दोन मर्सिडीज गाड्यांमध्ये बॉम्ब सापडले, फुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्लासगो विमानतळाच्या दारावर पेट्रोल आणि गॅस सिलिंडर भरलेली जीप नेऊन आदळली. जीप चालवणारा कफील अहमद, हनीफचा लांबचा भाऊ. तो भाजला आणि २ ऑगस्टला मेला. कफीलचा सख्खा भाऊ सबील, डॉक्टर, लिव्हरपूलला राहणारा. हनीफने सिम दिलं होतं ते या सबीलला.

२ जुलैला रात्री ब्रिस्बेन विमानतळावर हनीफला पकडलं. हातात बंगलोरचं तिकीट, तेही वन-वे. झालं!

इथे मी थांबून एक गोष्ट सरळ कबूल करतो, कारण या प्रकरणावर लिहिणारे बरेच जण हा भाग घाईत उरकतात. मी पोलिसांच्या जागी असतो तर मीही त्याला थांबवलं असतं. दोन दिवसांपूर्वी विमानतळावर हल्ला झालाय, हल्लेखोराच्या भावाकडे या माणसाच्या नावाचं सिम आहे, आणि हा रात्रीच्या फ्लाइटने देश सोडतोय, परतीचं तिकीट नाही. अशा वेळी 'जा बाबा सुखाने' म्हणणारा पोलिस मूर्ख म्हणावा लागेल. संशय घेणं हे त्यांचं काम आहे. प्रश्न संशय घेतल्यानंतर सुरू होतो, की तो संशय तपासून बघायची किती तयारी आहे.

आणि तपासायला खूप काही होतं. हनीफने पहिल्याच जबानीत सांगितलं की मुलगी झालीय, तिला आणि बायकोला बघायला चाललोय, हॉस्पिटलातून थोड्या दिवसांची रजा घेतलीय, तिकीट सासऱ्यांनी काढून दिलं, परतीचं तिथे गेल्यावर काढणार होतो. आपल्याला यात काही खटकत नाही, जावयाचं तिकीट सासरे काढतात यात काय एवढं, पण ऑस्ट्रेलियन पोलिसाला ते संशयास्पद वाटू शकतं हेही मान्य. मग हॉस्पिटलला फोन करा, रजेचा अर्ज बघा.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. पकडलं त्याच दिवशी दुपारी हनीफने एका ब्रिटिश पोलिस अधिकाऱ्याला फोन केला होता. एकदा नाही, चार वेळा. सबीलच्या आईने त्याला सांगितलं होतं की तुझ्या सिमबद्दल तिथले पोलिस विचारतायत, आणि हा नंबर दिला होता. ब्रिस्बेनला दुपार म्हणजे इंग्लंडात भल्या सकाळची वेळ, तिकडून कोणी उचलला नाही. आता मला सांगा, पळून जाणारा माणूस पळायच्या आधी पोलिसांना चार वेळा फोन लावतो का? हे कॉल फोनच्या रेकॉर्डमध्ये होते आणि हनीफने जबानीत स्वतःहून सांगितलेही होते, त्यासाठी कोणाला गुप्तहेर पाठवायची गरज नव्हती.

बारा दिवस

पकडलं २ जुलैला आणि आरोप ठेवला १४ जुलैला. मधले बारा दिवस काय? तिथल्या कायद्यात दहशतवादाच्या संशयिताची प्रत्यक्ष चौकशी जास्तीत जास्त २४ तास करता येत होती. ऐकायला बरं वाटतं. पण या २४ तासांत जेवण, झोप, वकिलाशी बोलणं, परदेशातून माहिती मागवायची तर तिथल्या आणि इथल्या घड्याळातला फरक, असलं काहीच मोजायचं नाही, आणि हा न मोजायचा वेळ मॅजिस्ट्रेटकडून वाढवून घेता येतो, त्याला 'डेड टाइम' म्हणायचे, आणि त्याला वरची मर्यादाच नव्हती. म्हणजे घड्याळ थांबलेलं आणि माणूस आत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'फक्त दोन तास' अशी पाटी असते आणि वॉचमन रात्रभर गाडी काढू देत नाही, तसला प्रकार.

१४ जुलैला आरोप ठेवला तो असा की दहशतवादी संघटनेला मदत केली, जाणूनबुजून नव्हे तर बेफिकिरीने. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. मदत कसली? सिम. आणि कोर्टात सरकारी वकिलाने सांगितलं की हे सिम ग्लासगोच्या त्या जीपमध्ये सापडलं.

हे साफ चुकीचं होतं. सिम जीपमध्ये नव्हतंच, ते लिव्हरपूलला सबीलजवळ सापडलं होतं. जीपमधलं सिम म्हटलं की डोळ्यासमोर बॉम्ब येतो. भावाच्या खिशातलं सिम म्हटलं की फक्त सिम दिसतं. पण ही चूक बाहेर यायला २० जुलै उजाडला, तीही एबीसी या तिथल्या सरकारी वाहिनीच्या बातमीतून, तोवर 'जीपमधलं सिम' जगभर फिरून आलं होतं.

सोमवार, १६ जुलै

सगळ्या प्रकरणाचा गाभा या एका दिवसात आहे म्हणून जरा सावकाश सांगतो.

दहशतवादाच्या केसमध्ये तिथे जामीन सहजासहजी मिळत नाही, 'अपवादात्मक परिस्थिती' दाखवावी लागते. तरीही सकाळी ब्रिस्बेनच्या मॅजिस्ट्रेट जॅकी पेन यांनी हनीफला जामीन दिला. दहा हजार डॉलरचा जामीन, पोलिस स्टेशनला हजेरी वगैरे अटी. पोलिसांनी आपलं सगळं मांडल्यावर, त्यातली सिमची चुकीची गोष्ट धरूनसुद्धा, मॅजिस्ट्रेटला वाटलं की माणसाला आत ठेवण्याइतकं यात काही नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी इमिग्रेशन मंत्री केव्हिन अँड्र्यूज यांनी त्याचा व्हिसा रद्द केला.

याचा अर्थ नीट समजून घ्या. व्हिसा गेला की तो माणूस तिथल्या कायद्यात 'बेकायदेशीर बिगर-नागरिक' होतो, आणि अशा माणसाला ताब्यात घ्यायलाच लागतं, अधिकाऱ्याला पर्याय नसतो. म्हणजे कोर्टाने दिलेल्या जामिनाची किंमत शून्य. बरं मग किमान भारतात पाठवून द्या? तेही नाही, कारण त्याच्यावर फौजदारी केस चालू होती, त्यामुळे ॲटर्नी जनरल फिलिप रुडॉक यांनी सर्टिफिकेट काढून त्याचं देशाबाहेर जाणं अडवलं. एकीकडे तू या देशात राहायच्या लायकीचा नाहीस, दुसरीकडे तू या देशातून जाऊ शकत नाहीस. हनीफच्या लोकांनी मग जामिनाचे पैसे भरलेच नाहीत, कारण भरले असते तर तुरुंगातून सुटून सिडनीच्या इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये गेला असता, वकिलांपासून शेकडो किलोमीटर लांब, त्यापेक्षा ब्रिस्बेनचा तुरुंग बरा. जामीन मिळालेला माणूस स्वतःहून जेलमध्ये राहणं पसंत करतो, असं मी दुसऱ्या कुठल्या केसमध्ये वाचलेलं नाही.

मंत्र्याचं म्हणणं असं की मी कोर्टाच्या विरोधात काही केलं नाही, माझा कायदा वेगळा, माझी कसोटी वेगळी. आणि तांत्रिकदृष्ट्या हे खरंच आहे. पण नंतर पोलिसांचा एक ईमेल बाहेर आला, शनिवारचा, म्हणजे जामिनाच्या निकालाच्या दोन दिवस आधीचा, त्यात लिहिलेलं की सोमवारी जामीन मिळालाच तर इमिग्रेशन कायद्याखाली ताब्यात ठेवायची व्यवस्था करून ठेवली आहे. मंत्र्यांनी सांगितलं की मला याची कल्पना नव्हती. असेल. पण यंत्रणेतल्या कोणाच्या तरी डोक्यात प्लॅन बी म्हणून व्हिसा होताच की.

माझं म्हणणं एवढ्यावरच आहे. सुरक्षेसाठी कडक कायदा करा, चौकशी करा, गरज पडली तर आत टाका, पण कोर्टाच्या दारात हरलात म्हणून मागच्या दाराने इमिग्रेशनचा शिक्का मारून तोच निकाल पाडून घ्यायचा, हे सुरक्षेचं काम नाही. आणि हे मागचं दार फक्त परदेशी माणसासाठी उघडं असतं. हनीफच्या जागी ऑस्ट्रेलियन नागरिक असता तर तो त्या दुपारी घरी गेला असता. पुरावा तोच, सिम तेच.

'कॅरॅक्टर' म्हणजे काय रे भाऊ

मंत्र्याने वापरलं ते मायग्रेशन ॲक्टचं कलम ५०१. त्यात 'कॅरॅक्टर टेस्ट' आहे. त्यातली एक पट्टी अशी की तुमचा गुन्हेगारीत असल्याचा संशय असलेल्या कोणाशी 'असोसिएशन' असेल तर तुम्ही नापास. मंत्र्याने याचा अर्थ अगदी सरळ घेतला, कफील आणि सबील याचे भाऊ, यांच्याशी ओळख आहे, संपर्क आहे, झालं असोसिएशन.

आता आपल्याकडे भाऊ म्हणजे किती पसारा असतो! चुलत, मावस, आते, मामे, मग आईच्या चुलतबहिणीचा मुलगा, वडिलांच्या मावसभावाचा मुलगा, लग्नात सगळे एकाच फोटोत. यातला कोण काय उद्योग करतो ते आपल्याला व्हॉट्सॲपवर सुद्धा कळत नाही. या हिशोबाने अख्खं गाव नापास.

प्रकरण फेडरल कोर्टात गेलं, जस्टिस जेफ्री स्पेंडर यांच्यापुढे. सुनावणीत सरकारी वकील असोसिएशनचा हा ऐसपैस अर्थ समजावत होते तेव्हा स्पेंडर म्हणाले की तुमच्या या व्याख्येने मी स्वतःच कॅरॅक्टर टेस्ट नापास होईन, कारण वकिली करताना माझाही गुन्ह्याचा संशय असलेल्या लोकांशी संबंध आलाय. मला हे वाचून हसू आलं होतं, पण ते विनोद करत नव्हते, त्यांचा निकाल याच मुद्द्यावर लागला.

२१ ऑगस्ट २००७ ला त्यांनी मंत्र्याचा निर्णय रद्द केला. कारण असं की असोसिएशन म्हणजे नुसती ओळख किंवा निव्वळ नातं नाही, त्या गुन्हेगारी वागण्याशी काहीतरी लागेबांधे पाहिजेत, आणि मंत्र्याने चुकीची कसोटी लावली. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, स्पेंडर यांनी मंत्र्याचा अधिकार काढून घेतला नाही. योग्य कसोटी लावून, त्याच्यावर तेव्हा आरोप होता हे धरून मंत्री वेगळ्या रस्त्याने त्याच निर्णयाला येऊ शकले असते असंही निकालात सूचित आहे. म्हणून 'कोर्टाने हनीफला निर्दोष ठरवलं' असं जे लोक लिहितात ते बरोबर नाही, व्हिसाच्या खटल्यात तो प्रश्नच नव्हता. मंत्री अपिलात गेले, तिथे तीन न्यायाधीशांच्या बेंचने २१ डिसेंबर २००७ ला अपील फेटाळलं. तोवर निवडणूक होऊन पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांचं सरकार गेलं होतं आणि नव्या सरकारने विषय पुढे नेला नाही.

मध्ये फौजदारी केसचं काय झालं ते राहिलंच. १८ जुलैला हनीफचे बॅरिस्टर स्टीफन कीम यांनी पहिल्या जबानीची १४२ पानं सरळ वर्तमानपत्राला दिली. सरकारमधून बातम्या गळत होत्या, हा एकटा कोठडीत, म्हणून यांनी पूर्ण जबानीच लोकांपुढे टाकली. पंतप्रधानांपासून सगळे चिडले. पण लोकांनी वाचलं आणि त्यांना दिसलं की हा माणूस प्रश्नांना उत्तरं देतोय, लपवत नाहीये. मग सिमची चूक बाहेर आली. आणि २७ जुलैला सरकारी अभियोग संचालक डेमियन बग यांनी आरोप मागे घेतला, पुरावा नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी हनीफ निघाला आणि बंगलोरला पोचला, मुलगी महिन्याची झाली होती.

पण व्हिसा तेव्हाही रद्दच होता! आरोप गेला तरी मंत्री म्हणत होते की माझ्याकडे गुप्त माहिती आहे, सगळी सांगता येत नाही. ३१ जुलैला त्यातला थोडा भाग सांगितला, हनीफच्या सख्ख्या भावाशी झालेल्या इंटरनेट चॅटमधली काही वाक्यं, तीही भाषांतरित. वकिलांचं म्हणणं पडलं की संदर्भ तोडून घेतलंय. चॅटमधली चार वाक्यं काढून दाखवली तर कोणाचंही काहीही सिद्ध करता येतं, तुमच्या फॅमिली ग्रुपमधली काढून बघा. गुप्त माहितीची अडचण मला कळते, कधी कधी खरंच उघड करता येत नाही, सूत्रं जळतात. पण ज्याच्यावर आरोप आहे तो देशाबाहेर गेल्यावर माहितीचे तुकडे प्रेस कॉन्फरन्समध्ये वाटता येतात आणि तो समोर होता तेव्हा मात्र दाखवता येत नव्हते, हे पचत नाही.

क्लार्क यांची चौकशी

मार्च २००८ मध्ये नव्या सरकारने जॉन क्लार्क या निवृत्त न्यायाधीशांना चौकशीला बसवलं, अहवाल वर्षअखेरीस आला. हनीफचा हल्ल्यांशी संबंध असल्याचा किंवा त्याला आधी माहिती असल्याचा कसलाच पुरावा सापडला नाही. आरोप ठेवायलाच नको होता. मंत्र्याचा हेतू वाईट होता असं क्लार्क म्हणाले नाहीत, पण शंका घेऊन आणखी विचारपूस करायला हवी होती ती केली नाही, असं त्यांचं मत पडलं.

मला त्यातला एएसआयओचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. एएसआयओ म्हणजे तिथली देशांतर्गत गुप्तचर संस्था, आपल्या आयबीसारखी. साधारण आपली समजूत अशी की गुप्तचरवाले सगळ्यात संशयी. इथे उलटं झालं. एएसआयओचं मत ११ जुलैच्या सुमारासच होतं की हनीफ हल्ल्यात होता किंवा त्याला आधी माहीत होतं असं दाखवणारं आमच्याकडे काही नाही. म्हणजे व्हिसा रद्द व्हायच्या आधीच ही माहिती सरकारी यंत्रणेत होती. सुरक्षा विरुद्ध स्वातंत्र्य असा तराजू आपण नेहमी काढतो ना, त्यात एका पारड्यात हनीफ आणि दुसऱ्यात सुरक्षा असं इथे नव्हतंच. सुरक्षेचं खातं स्वतःच सांगत होतं की इथे काही दिसत नाही. आणि या तपासावर फेडरल पोलिसांचे ८० लाख डॉलरहून जास्त गेले, शेकडो माणसं लागली, ती माणसं त्या महिन्यात दुसरं काय बघू शकली असती कोण जाणे.

सबीलचं काय झालं तेही सांगून टाकतो. एप्रिल २००८ मध्ये लंडनला त्याने माहिती लपवल्याचा गुन्हा कबूल केला, १८ महिन्यांची शिक्षा झाली, बरीचशी भोगूनच झाली होती, मग भारतात पाठवलं. कफीलने पाठवलेला हल्ल्याबद्दलचा ईमेल त्याने हल्ला झाल्यानंतर उघडला होता, आधी माहीत होतं असं ब्रिटिश कोर्टातही निघालं नाही. म्हणजे सिम ज्याला दिलं त्यालाच हल्ल्याची खबर नव्हती, आणि देणारा हजारो मैलांवर, वर्षभर आधी गेलेला.

आपल्याकडून बघताना एवढं लक्षात ठेवावं की परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार आपल्याकडेही भरपूर मोठा आहे. सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्ये हान्स म्युलरच्या केसमध्ये तो जवळजवळ अनिर्बंध मानला, आणि १९४६ च्या फॉरेनर्स ॲक्टमध्ये मी परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला तरी ते ओझं तिथेच आहे. हनीफच्या वेळी आपण सगळे ऑस्ट्रेलियावर चिडलो होतो, चॅनलवाले रोज बंगलोरच्या घरापुढे उभे होते, आणि तेव्हा मीही तावातावाने बोललेलो आहे, आपल्या कायद्यात काय लिहिलंय ते न वाचता.

डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने हनीफला भरपाई दिली, रक्कम गुप्त ठेवायची या अटीवर. तोवर तो दुबईकडे डॉक्टरकी करत होता. त्याच वर्षी कायदा बदलून डेड टाइमला सात दिवसांची मर्यादा घातली आणि दहशतवादविरोधी कायद्यांवर नजर ठेवायला स्वतंत्र पद निर्माण केलं, दोन्ही या प्रकरणातून आलेलं. पोलिसांचं दार असं थोडं अरुंद झालं. मंत्र्याच्या दाराचं मात्र २०१४ मध्ये उलटं झालं, कलम ५०१ दुरुस्त करून आणखी कडक केलं, आता एखाद्या गटाचे तुम्ही सदस्य आहात आणि तो गट गुन्ह्यात आहे असा मंत्र्याला वाजवी संशय आला तरी नापास व्हायला पुरतं, तुम्हाला त्या गुन्ह्याची माहिती होती का हे दाखवायची गरज नाही.